खंडूच्या डब्याखालचा वजनकाटा : प्रकल्प नोंदी

११ ऑगस्ट २०२४, रविवार

खंडू दवाखान्यातून घरी आल्याला आज चौथा दिवस. त्याच्या लिटरच्या, म्हणजे शी-लघवीसाठी माती घातलेल्या, डब्याखाली वजनकाटा बसवायचे ठरवले असून त्या कामाची नोंद आजपासून ठेवत आहे. खंडू चार वर्षांचा, नसबंदी झालेला, ५ किलो ६०० ग्रॅम वजनाचा, कोरड्या दाण्यांवर वाढलेला आणि घराबाहेर न पडणारा बोका आहे. लघवी तुंबण्याच्या दुखण्याला याहून नमुनेदार गिऱ्हाईक सापडणार नाही, असे डॉक्टर हसत म्हणाले.

आधी काय झाले ते लिहून ठेवतो, कारण या कामाची गरज माझ्याच चुकीतून निर्माण झाली. शनिवारी, ३ तारखेला, दुपारपासून तो डब्यात जाऊन बसत होता, पाठीची कमान करून जोर करत होता, बाहेर येऊन मागचा भाग चाटत होता आणि दहा मिनिटांनी पुन्हा डब्यात शिरत होता. संध्याकाळी तो मोरीच्या जाळीवर जाऊन बसला. आई म्हणाली, "अरे, कोठा जड झालाय त्याचा. चमचाभर तूप दे, सकाळपर्यंत मोकळा होईल." मलाही ते पटले. कुंथणे दिसले की बद्धकोष्ठ हे आपल्या डोक्यात इतके पक्के बसलेले असते, की डब्यात ओले काही आहे का हे पाहायचे मला सुचलेच नाही. तूप दिले आणि झोपलो. पहाटे चारला त्याने दोनदा उलटी केली आणि हाक मारल्यावर मानही वर केली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि माझा हात धरून तिथेच टेकवला. मोसंब्याएवढा गोळा, दगडासारखा टणक. "हा कोठा नव्हे, ही लघवीची पिशवी आहे," ते म्हणाले. रक्तातले पोटॅशियम ८.४ निघाले, जे साडेपाचच्या आत असायला हवे, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, ९.१ वर गेले होते, आणि दवाखान्यात आलेल्या घाबरट मांजराचे हृदय जिथे मिनिटाला १८० ते २०० ठोके देते तिथे खंडूचे ९६ देत होते. लघवी अडली की पोटॅशियम बाहेर पडत नाही आणि ते थेट हृदयाची लय बिघडवते. म्हणून लघवीच्या मार्गात नळी घालण्याच्या आधी त्यांनी ईसीजी लावून कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून हळूहळू दिले. त्याने पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला तेवढ्यापुरते संरक्षण मिळते, आणि तेवढा वेळ अडथळा काढायला पुरतो. बोक्याच्या मूत्रमार्गाचे शेवटचे टोक जेमतेम मिलिमीटरभर असते. मांजरीचा मार्ग आखूड आणि रुंद असल्याने तिला दुखणे झाले तरी ती सहसा तुंबत नाही. खंडूच्या टोकाशी चिकट द्रव आणि स्ट्रुव्हाइट या मॅग्नेशियमयुक्त क्षाराचे स्फटिक यांचे बूच बसले होते.

नळी तीन दिवस ठेवली. अडथळा निघाल्यावर मूत्रपिंडे सैल सुटल्यासारखी लघवी बनवतात, त्यामुळे जेवढी बाहेर येते तेवढी मोजून सलाईन द्यावे लागते. पहिल्या दिवशी नळीला जोडलेली पिशवी दर चार तासांनी बदलताना पाहिली आणि काट्याची कल्पना तिथेच सुचली.

१३ ऑगस्ट, मंगळवार

माझा धंदा सांगलीच्या मार्केट यार्डात वजनकाटे दुरुस्त करण्याचा आहे. हळदीच्या अडत्यांचे काटे वर्षातून एकदा सरकारच्या वैधमापन खात्याच्या पडताळणीला जाण्याआधी माझ्याकडे येतात, आणि त्यात बाद झालेल्या काट्यांचे लोडसेल, म्हणजे वजनाचा दाब विद्युतसंकेतात बदलणारे भाग, माझ्या मांडणीवर पडून असतात. त्यातला २० किलो क्षमतेचा एक निवडला. डबा १ किलो २०० ग्रॅम, बेंटोनाइट मातीचे लिटर (लघवी लागली की त्याचे ढेकूळ होते) ५ किलो आणि खंडू मिळून बारा किलोच्या आत बसते. वरचे आठ किलो त्याच्या उडीसाठी राखून ठेवले. लोडसेलचा क्षीण विद्युतसंकेत वाढवायला एचएक्स-७११ आणि आकडे वायफायवरून पाठवायला ईएसपी-३२ हे बोर्ड घेतले. बारा मिलिमीटर प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये लोडसेल बसवला.

मोजायचे काय हे आधी नक्की केले. खंडू किती वेळा डब्यात जातो हा आकडा फसवा आहे, कारण तुंबलेला बोका निरोगी बोक्यापेक्षा जास्त वेळा जातो आणि घरच्यांना वाटते की त्याचे सगळे सुरळीत आहे. तो बाहेर आल्यावर डब्यात किती ग्रॅम मागे राहिले, हेच मोजायचे.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

काट्याने तीन दिवस छळले. ५० ग्रॅमचे वजन चारही कोपऱ्यांत ठेवून पाहिले, तर डाव्या मागच्या कोपऱ्यात ५६ दाखवत होते. फळीचा स्क्रू एका बाजूला जास्त आवळला गेला होता. तो सारखा केल्यावर फरक दोन ग्रॅमवर आला. रात्री खोली गार पडली की शून्य दहा-बारा ग्रॅमने सरकते. दुकानातल्या काट्यात असे झाले तर गिऱ्हाईक भांडायला येईल, पण इथे मला शून्य नकोच आहे. तो आत शिरण्यापूर्वीच्या एका मिनिटाची सरासरी आणि बाहेर पडल्यानंतर दोन मिनिटांनी घेतलेली सरासरी यांची वजाबाकी पुरते, कारण तेवढ्यात खोलीचे तापमान बदलत नाही. डोक्यावरचा पंखा मात्र आकडा नाचवतो. डबा दाराआड सरकवावा लागला.

पहिली खरी नोंद उणे १४ ग्रॅम आली. खंडू लघवी करून गेला होता आणि डबा हलका झाला होता! लिटर उकरताना त्याने अर्धी मूठ बाहेर फेकली होती. आता कडा उंच असलेला डबा आणला असून पुढच्या बाजूला प्रवेशापुरती खाच कापली आहे. पंजांना चिकटून ग्रॅम-दोन ग्रॅम जातात, ते सोडून देतो.

१९ ऑगस्ट, सोमवार

काल सहा फेऱ्या झाल्या. त्यांतल्या लघवीच्या चार : ३१, २४, ३८ आणि २७ ग्रॅम. एकूण १२०, म्हणजे किलोमागे एकवीस-बावीस मिलिलिटर. निरोगी मांजरासाठी हा आकडा ठीक आहे, पण काठावरचा आहे.

लघवी आणि शी यांत काट्याला भेद करता येत नाही, कारण शीदेखील तीस ग्रॅमच्या आसपास भरते. वेळेवरून, वजन वाढण्याच्या वेगावरून ओळखण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. आई रोज सकाळ-संध्याकाळ डबा साफ करते. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लघवीच्या ढेकळासाठी गोल आणि शीसाठी त्रिकोण काढायला सुरुवात केली आहे. ढेकूळ लहान दिसले तर गोलही लहान काढते. हे मी सांगितले नव्हते.

२४ ऑगस्ट, शनिवार

आज धोक्याचा नियम लिहिला : दोन तासांत तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत पाच ग्रॅमपेक्षा कमी, तर फोनवर सूचना. पाचच का, तर काट्याची चूक दोन ग्रॅमची आणि पंजांना लागून जाणारे दोन. त्याहून खालच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. पूर्ण तुंबल्यानंतर एक ते दोन दिवसांत मांजर दगावू शकते, म्हणून सूचना दिवसाअखेरीच्या बेरजेवर अवलंबून ठेवली नाही. ३ तारखेला हा काटा असता तर दुपारी तीनपर्यंत फोन वाजला असता.

शेजारच्या काकांनी लघवीच्या जळजळीवर माणसांना देतात ते सिरप सुचवले, आणि आईने शहाळ्याचे पाणी. दोन्ही डॉक्टरांना विचारले. ते सिरप लघवी अल्कधर्मी करते, आणि स्ट्रुव्हाइटचे स्फटिक नेमके अल्कधर्मी लघवीत जमतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. ज्या बोक्याचे हृदय पोटॅशियमने मंदावले होते त्याच्यासाठी याहून वाईट पेय सुचणे कठीण. पॅरासिटॅमॉल तर मांजरासाठी सरळ विष आहे, कारण ते पचवायला लागणारी यकृतातली व्यवस्था त्याच्याकडे अपुरी असते. ही तीन नावे फ्रिजवर लिहून चिकटवली आहेत.

१ सप्टेंबर, रविवार

आहार बदलून पंधरा दिवस होत आले. कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असते, पाऊचमधल्या ओल्या अन्नात पंचाहत्तर ते ऐंशी. मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रखरखीत मुलखातले रानमांजर. पाणी त्याला भक्ष्याच्या अंगातूनच मिळायचे, आणि मूत्रपिंडे लघवी भयंकर दाट करून पाणी वाचवायची. ती मूत्रपिंडे खंडूकडे आहेत, पण भक्ष्याऐवजी त्याच्यापुढे बिस्किटासारखे दाणे होते, आणि मांजर तहान लागली म्हणून ती तूट पूर्ण भरून काढत नाही. नळी काढल्यानंतर आठवड्याने, घरी अजून दाणेच चालू असताना, केलेल्या तपासणीत लघवीचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे दाटपणा, १.०५२ होते; डॉक्टरांना ते १.०३५ च्या खाली हवे आहे.

डॉक्टरांनी स्ट्रुव्हाइटसाठीचे औषधी अन्न दिले आहे, आणि त्याच्याबरोबर आईकडून मिळणारी सुकी मासळी बंद करायला सांगितली आहे. बंदीचा निरोप आईला मीच दिला. दोन दिवस घरात माझ्याशीही कोणी नीट बोलत नव्हते.

पाण्याच्या भांड्याचे वजन मी रोज करतो, आणि इथे एक गमतीची गोष्ट दिसली. ओले अन्न सुरू झाल्यावर खंडू भांड्यातून प्यायचा त्या पाण्यात निम्म्याहून जास्त घट झाली, म्हणून पहिले तीन दिवस मी काळजीत होतो. पण डब्याखालच्या काट्यावरची बेरीज त्याच दिवसांत १२० वरून १६५ वर गेली. पाणी आता अन्नातून जात होते. भांड्याकडे पाहून मांजराच्या पाण्याचा हिशेब लावणाऱ्याची फसगत व्हायला एवढे पुरे आहे.

१० सप्टेंबर, मंगळवार

शनिवारी गणपती बसले. घरात अकरा पाहुणे, आरतीच्या झांजा, आणि डबा असलेल्या खोलीत गाद्या. काल दुपारी २.१० ला फोन वाजला. पावणेदोन तासांत चार फेऱ्या : ३, ०, ४ आणि २ ग्रॅम. आईने ढेकूळ उचलून दाखवले, तर ते बोराएवढे आणि कडेला गुलाबी होते. पाहुण्यांना जेवते ठेवून दवाखाना गाठला.

या वेळी डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि पुन्हा माझा हात तिथे नेला. गोळा सुपारीएवढा, रिकामा. तुंबलेले नव्हते. लघवी होतच नव्हती, कारण पिशवीत लघवीच नव्हती. पण आतला थर सुजल्यामुळे त्याला सतत आल्यासारखे वाटत होते. काट्याला दोन्ही दुखण्यांत शून्यच दिसते आणि त्यांतला फरक फक्त हाताला कळतो, हे मला आधी लक्षात यायला हवे होते. तरी सूचना खोटी म्हणणार नाही. बोका शून्यावर असेल तर हात लावायला नेलाच पाहिजे.

पोटातून सुईने थेट काढलेल्या लघवीत जिवाणू नव्हते, सोनोग्राफीत खडा नव्हता. दहा वर्षांखालच्या मांजरांत लघवीच्या त्रासाचे सर्वांत मोठे कारण हेच : ज्याचे मूळ सापडत नाही असा मूत्राशयदाह. जिवाणूंचा संसर्ग या वयात क्वचित असतो आणि तो म्हाताऱ्या, मूत्रपिंड दुबळे झालेल्या मांजरांत जास्त दिसतो. म्हणून अँटिबायोटिक दिले नाही. मला ते विचित्र वाटले, कारण आमच्याकडे लघवीची तक्रार म्हटली की पाच दिवसांचा कोर्स ठरलेला. फक्त वेदनाशामक दिले आणि घर शांत करा म्हणाले.

ओहायो स्टेट विद्यापीठातले पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी या दुखण्याला, ग्रीक कथेतल्या पीडांच्या पेटीवरून, 'पँडोरा सिंड्रोम' असे नाव सुचवले, कारण मूत्राशय ही फक्त तक्रार दिसण्याची जागा असते. या मांजरांची ताणाला प्रतिसाद देणारी सगळी यंत्रणाच हळवी असते आणि घरातली उलथापालथ पिशवीच्या आतल्या थरापर्यंत पोहोचते. डॉक्टरांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते : अशी कळ बहुतेक वेळा पाच-सात दिवसांत आपोआप ओसरते. म्हणजे तिसऱ्या दिवशी बार्लीचे पाणी पाजणाऱ्याला बार्लीचा गुण आलेला दिसतो, आणि अँटिबायोटिक देणाऱ्याला अँटिबायोटिकचा.

१५ सप्टेंबर, रविवार

खंडू सहाव्या दिवशी पूर्ववत. मागल्या खोलीत दुसरा डबा ठेवला, कपाटावर चढायला दोन फळ्या ठोकल्या, आणि खोक्याला भोक पाडून लपायची जागा केली. मांजरांच्या संख्येपेक्षा एक डबा जास्त असावा असा नेम आहे. दुसऱ्या डब्याखाली काटा नाही, त्यामुळे बेरीज आता आईच्या कॅलेंडरशी जुळवून पाहावी लागते.

२२ सप्टेंबर, रविवार

खड्यांबद्दल वाचत होतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात कार्ल ऑस्बोर्न यांनी १९८१ मध्ये मूतखडे तपासण्याचे केंद्र सुरू केले. त्या वर्षी तिथे आलेल्या मांजरांच्या खड्यांपैकी ७८ टक्के स्ट्रुव्हाइटचे आणि केवळ २ टक्के कॅल्शियम ऑक्झलेटचे होते. त्यानंतर अन्न बनवणाऱ्यांनी मॅग्नेशियम कमी केले आणि लघवी आम्लधर्मी होईल अशी रचना केली; स्ट्रुव्हाइट घटले, आणि नव्वदीच्या दशकात ऑक्झलेट पुढे गेले. स्ट्रुव्हाइट योग्य आहाराने विरघळतो, ऑक्झलेट विरघळत नाही आणि बहुतेक वेळा कापून काढावा लागतो. काट्याचा एक कोपरा आवळला की समोरचा सैल होतो, हा माझा रोजचा अनुभव आहे. औषधी अन्न डॉक्टरांच्या देखरेखीखेरीज वर्षानुवर्षे देऊ नये हे मला यातून समजले, आणि पाणी का दोन्हीकडून उपयोगी पडते हेही : पातळ लघवीत कुठलाच क्षार सहज साचत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

काटा दोन दिवस बंद. लिटरची धूळ आणि डब्याच्या खाचेतून उतरलेला ओलावा लोडसेलच्या तारांच्या जोडावर जमून आकडा दीडशे ग्रॅमने भरकटला. जोड साफ करून सिलिकॉन लावले, वर प्लास्टिकचे ताट उपडे घातले.

२ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीची मला धास्ती होती, आणि चूक मी ज्या बाजूने पाहत होतो त्याच्या विरुद्ध बाजूने आली.

काल लक्ष्मीपूजन. शेवटची नोंद पहाटे ५.४० ची, ४१ ग्रॅम. त्यानंतर फटाके सुरू झाले आणि खंडू आईच्या पलंगाखाली ट्रंकेमागे गेला. फोन दिवसभर गप्प होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. रात्री साडेबाराला सहज पडद्यावर पाहिले, तर जवळजवळ एकोणीस तास एकही फेरी नव्हती. दोन तासांत तीन रिकाम्या फेऱ्या झाल्या तर सूचना, हा माझा नियम. फेरीच झाली नाही तर काट्याला तक्रार नव्हती. दुसरा डबाही कोरडा होता.

पलंगाखाली आडवा होऊन हात घातला. गोळा लिंबाहून थोडा मोठा, पण बोट टेकवले तर लवणारा. खंडूने हात चाटला, कण्हला नाही. दाबायचे नाही, फक्त टेकवायचे, हे डॉक्टरांनी दोनदा बजावले होते. त्यांना फोन केला. "जोर करताना दिसला किंवा चोवीस तास झाले, तर वाट बघू नका, लगेच घेऊन या. तोवर डबा त्याच्याकडे न्या," ते म्हणाले. तो घाबरून धरून बसला होता. डब्यापर्यंतचा रस्ता खिडकीजवळून जातो आणि खिडकीबाहेर लवंगी माळा फुटत होत्या. काट्यासकट डबा उचलून पलंगाशेजारी ठेवला, खिडकीवर गोधडी टांगली. आई म्हणाली, "तू जा, तुझी चाहूल लागली तर तो यायचा नाही."

पहाटे ३.४० ला फोनवर आकडा आला : ९६ ग्रॅम. बावीस तास. त्यानंतर उजाडेपर्यंत दोन फेऱ्या, २२ आणि ३०.

आज पाडव्याला दुसरा नियम घातला : बारा तास पाच ग्रॅमहून मोठी नोंद नाही, तर सूचना.

१७ नोव्हेंबर, रविवार

तीन महिन्यांनंतरची तपासणी झाली. वजन ५ किलो ३०० ग्रॅम, विशिष्ट गुरुत्व १.०३१, स्फटिक नाहीत. पुन्हा तुंबले तर मूत्रमार्गाचे अरुंद टोक काढून तोंड रुंद करण्याची शस्त्रक्रिया हा शेवटचा पर्याय असतो. सध्या तिची गरज नाही.

नव्या नियमाची पहिली सूचना परवा दुपारी आली. खंडू झोपलेला होता आणि पिशवी लहान होती. आईने दुसरा डबा साफ केला होता आणि कॅलेंडरवर दोन गोल काढलेले होते, पण ते मी पाहिले नव्हते. दुसऱ्या डब्यासाठी लोडसेल शोधतो आहे. मार्केट यार्डातून उद्या एक बाद काटा यायचा आहे.

आजची बेरीज : १५८ ग्रॅम, पाच फेऱ्या, चार गोल, एक त्रिकोण.